अर्ध्या तासात एक उत्तर, मग दहा दिवस कशाला?

प्रश्न : यजमानांच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही मलिहाबादला राहतो, मूळचे साताऱ्याकडचे. यंदा आंब्याचा हंगाम संपता संपता सासूबाईंच्या पोटात उजव्या बाजूला दुखू लागले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, शिवाय ‘भिंत जाड आहे’ असा शेरा. लखनौच्या एका रुग्णालयात ऑपरेशन झाले. सर्जन आधीच म्हणाले होते, की पित्ताशयासोबत लिव्हरचाही लहान तुकडा काढावा लागेल. ऑपरेशन चालू असतानाच तपासणी झाली आणि अर्ध्या तासात निरोप आला, ‘कॅन्सर दिसत नाही.’ आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात सांगितले, ‘पक्का रिपोर्ट दहा दिवसांनी.’ त्या दहा दिवसांत आमच्या घरात कोणी धड जेवले नाही. रिपोर्टात ‘झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिस’ असे काहीतरी लिहिले आहे. माझे प्रश्न असे : काही सिद्ध झालेले नसताना लिव्हरचा तुकडा का कापला? अर्ध्या तासात कळले होते तर दहा दिवस कशाला? हे लांबलचक नाव कशाचे? माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, आता हे सगळे कॉम्प्युटर वाचतो, माणूस लागतच नाही. खरे का? आणि शेवटचे, साताऱ्याच्या माझ्या नणंदेचे पित्ताशय तीन वर्षांपूर्वी काढले. डॉक्टरांनी ते खड्यांसकट बाटलीत घालून घरच्यांना दाखवले आणि टाकून दिले. ते तपासायला हवे होते का?
— एक वाचक, मलिहाबाद (जि. लखनौ)

उत्तर : ते नाव कॅन्सरचे नाही, एवढे आधी सांगून टाकतो. आता निवांत वाचा.

लिव्हरच्या तुकड्याचे अर्धे उत्तर तुमच्या पत्त्यातच आहे. पित्ताशयाचा कॅन्सर जगात तसा कमी आढळतो. पण चिली, बोलिव्हिया आणि आपल्याकडे गंगेचे खोरे, म्हणजे दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार आणि पुढे थेट आसामपर्यंतचा पट्टा, इथे तो ठाण मांडून आहे. त्यातही पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच खाली. साताऱ्याचा सर्जन ज्या जाड भिंतीला ‘खड्यांची जुनी सूज’ म्हणून पुढे जाईल, तिथे लखनौचा सर्जन थबकतो. त्याने थबकायलाच हवे.

निरोगी पित्ताशयाची भिंत साधारण ३ मिलिमीटरच्या आत असते. खडे वर्षानुवर्षे आत घासत राहिले की ती जाड होते. कॅन्सरनेही जाड होते. सोनोग्राफी आणि सीटी, दोन्हींत पुष्कळदा फरक उमगत नाही. मग आधी सुईने नमुना काढून का पाहत नाहीत? सुईच्या वाटेने पित्त, आणि पित्ताबरोबर पेशी, पोटात सांडण्याची भीती असते. पित्ताशय काढता येण्याजोगे असेल तर सर्जन सहसा सुईच्या वाटेला जात नाहीत.

नेहमीच्या ऑपरेशनमध्ये पित्ताशय लिव्हरच्या अंगावरून सोलून काढतात. आत कॅन्सर असला आणि तो लिव्हरच्याच बाजूला असला, तर सोलण्याची पातळी नेमकी रोगातून जाते. पेशी मागे राहतात, आणि दुसऱ्यांदा पोट उघडूनही डाव सावरेलच असे नाही. उलट, प्रत्येक जाड पित्ताशय कॅन्सरचे धरून सरसकट मोठे ऑपरेशन केले, तर ज्यांना नुसती सूज आहे त्यांच्यावर विनाकारण भार. या पेचातून लखनौच्याच संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत, तुमच्याकडे सगळे जिला नुसते ‘पीजीआय’ म्हणतात तिथे, डॉ. विनय कुमार कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधली वाट काढली. २०१६ मध्ये ती छापून आली तेव्हा लेखाच्या शीर्षकातच तिला ‘लखनौ’ पद्धत म्हटले होते. संशय आहे पण थोडा, अशा जाड पित्ताशयाला सोलायचे नाही. त्याच्या पाठीमागची लिव्हरची चकती त्याला चिकटलेली ठेवून सगळे एकसंध काढायचे आणि रुग्ण टेबलावर असतानाच पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचे. कॅन्सर निघाला तर आसपासच्या लसिका गाठीही काढून ऑपरेशन पुरे करायचे. नाही निघाला तर तिथेच थांबायचे. गेला तो लिव्हरचा एवढासा तुकडा, ज्याच्यावाचून तिचे काही अडत नाही. तुमचे रुग्णालय कोणते हे तुम्ही लिहिलेले नाही, मीही विचारत नाही. पण सासूबाईंच्या बाबतीत चाल तीच दिसते, आणि माझ्या मते ती योग्य होती.

या पद्धतीत पोट उघडे असताना पुढचे ऑपरेशन कसे जायचे, हे सर्जन एकटा ठरवत नाही. दोन मजले खाली बसलेल्या, रुग्णाने कधी तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या निरोपाची तो वाट पाहतो. ही प्रथा १९०५ सालची. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे सर्जन विल्यम मेयो यांना रुग्ण टेबलावर असतानाच गाठ कसली ते कळायला हवे होते. त्यांचे पॅथॉलॉजिस्ट लुई विल्सन यांनी ताजा तुकडा गोठवून, पातळ कापून, मेथिलीन ब्लूमध्ये रंगवून काही मिनिटांत उत्तर देण्याची रीत बसवली. (मिनेसोटाच्या कडाक्याच्या हिवाळ्यात पहिले तुकडे त्यांनी खिडकीबाहेर ठेवूनच गोठवले, अशी आख्यायिका आहे. मलिहाबादच्या जूनमध्ये हे जमले नसते.) आता त्यासाठी उणे २० अंशांच्या आसपास थंड राहणारी पेटी असते, तिला क्रायोस्टॅट म्हणतात. तिच्यातच पाते बसवलेले असते. तुकडा एका चिकट द्रवात बसवून गोठवतात, काप काढतात, काचेवर घेतात, झटपट रंगवतात. पहिल्या तुकड्याचे उत्तर वीसेक मिनिटांत यावे, असा चांगल्या प्रयोगशाळांचा दंडक आहे. उरलेला वेळ नेण्या-आणण्यात जातो.

या घाईची किंमत असते. गोठताना पाण्याचे बर्फ होते आणि बर्फाचे कण पेशींना फाडतात. काप जरा जाड येतो, केंद्रके फुगलेली दिसतात, कडा धूसर होतात. शिवाय वेळ एवढाच, की पित्ताशयाच्या एखाद-दोन संशयास्पद जागाच पाहता येतात. म्हणून गोठवलेल्या तुकड्याच्या या तपासणीला, म्हणजे ‘फ्रोझन’ला, एकच गोष्ट विचारायची असते : सर्जनने आता थांबावे की पुढे जावे? ‘कॅन्सर दिसत नाही’ या निरोपाचा अर्थ, पाहिलेल्या तुकड्यांत दिसत नाही. न पाहिलेल्या भागाबद्दल तो निरोप काही बोलत नाही. हे कोणी तुम्हाला तिथल्या तिथे दोन वाक्यांत समजावले असते, तर दहा दिवस जेवण गेले नसते.

आता त्या दहा दिवसांत काय होते ते पाहू. बाकीचे पित्ताशय फॉर्मेलिनमध्ये जाते. हे रसायन ऊतींना टिकवते, हे फर्डिनंड ब्लूम या जर्मन डॉक्टरच्या १८९३ मध्ये लक्षात आले, तेही काम करता करता त्याच्या स्वतःच्याच बोटांची कातडी कडक झाल्यामुळे. तुकड्याच्या दहापट फॉर्मेलिन हवे, आणि ते आत झिरपते फार सावकाश, तासाला साधारण मिलिमीटरभर. पित्ताने भरलेले पित्ताशय न उघडता तसेच बरणीत टाकले, तर बाहेरून टिकते आणि आतले अस्तर, जिथे रोग सुरू होतो नेमके तेच, सडते. लहान गावातून नातेवाइकांच्या हाती सलाइनच्या बाटलीत पाठवलेले नमुने हा तर सगळ्या पॅथॉलॉजिस्टांचा सामाईक वैताग.

मग येते ‘ग्रॉसिंग’. पॅथॉलॉजिस्ट पित्ताशय उभे चिरून पुस्तकासारखे उघडतो. खडे काढून त्यांचा आकार-रंग लिहितो. अस्तर धुऊन त्यावर हातमोज्यातले बोट फिरवतो. निरोगी अस्तर हिरवट, मऊ, बारीक जाळीदार. कुठे हाताला खरखर लागते, कुठे पांढुरका टणक पट्टा, कुठे भिंतीत पिवळे ठिपके. भिंत थोड्या थोड्या अंतरावर आडवी कापून तिची कड बघतो. हापूस वरून कितीही देखणा असला तरी आतला साका सुरी फिरल्याशिवाय कळत नाही, आणि सुरी दोन बोटे बाजूने गेली तर साका तसाच राहतो. पित्ताशयाचेही तेच. कुठे कापायचे हे ठरवणारा हात चुकला, तर पुढचा मायक्रोस्कोप कितीही महागाचा असो, तो चुकीची जागा अगदी स्वच्छ दाखवणार.

निवडलेले तुकडे, म्हणजे पित्ताशयाची मान, मधला भाग, तळ, नळीचे कापलेले टोक, लिव्हरकडची कड आणि संशय येईल ती प्रत्येक जागा, छोट्या प्लास्टिकच्या कॅसेटमध्ये जातात. रात्रभर यंत्रात आधी अल्कोहोल त्यातले पाणी काढून घेते, मग झायलीन, मग वितळलेले मेण. सकाळी मेणाच्या ठोकळ्यात तुकडा पक्का बसलेला असतो, हाच ‘ब्लॉक’. त्यातून ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप निघतात. एका मिलिमीटरमध्ये मायक्रॉन हजार. काप कोमट पाण्यावर तरंगत सोडायचा, सुरकुती गेली की काचेवर उचलायचा, आणि रंगवायचा. रंग सव्वाशे वर्षांहून जुने आहेत : मेक्सिकोकडच्या एका झाडाच्या लाकडातून निघणाऱ्या हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकी सारे गुलाबी. जगातल्या बहुतेक कॅन्सरचे निदान आजही या दोन रंगांवरच होते.

पहिल्या स्लाइडींवर उत्तर मिळाले तर रिपोर्ट तीन-चार दिवसांत येतो. तुमच्या सासूबाईंच्या वेळी जास्त दिवस का लागले असावेत, ते त्या लांबलचक नावातच आहे.

खड्यांमुळे अस्तराला जखम होते आणि पित्त भिंतीत शिरते. त्यातली चरबी खायला शरीराच्या भक्षक पेशी धावतात, खाऊन फुगतात, फेसाळ दिसू लागतात आणि त्यांचे पिवळे गोळे बनतात. सभोवती तंतू माजतात. भिंत दगडासारखी टणक होते, लिव्हरला, आतड्याला चिकटते. सीटीवर कॅन्सर, सर्जनच्या हाताला कॅन्सर, पोट उघडल्यावर डोळ्यालाही कॅन्सर. मायक्रोस्कोपखाली मात्र नुसती सूज. उत्तर भारतातल्या सर्जनांना चकवणारा हा सगळ्यात पट्टीचा बहुरूपी. त्यात एक खोच आहे. लखनौच्या पीजीआयच्याच पॅथॉलॉजी विभागातून २००० साली आलेल्या एका अभ्यासात हे दोन आजार एकाच पित्ताशयात एकत्र नांदत असल्याची उदाहरणे होती. म्हणजे एका तुकड्यात सूज दिसली म्हणून शेजारी कॅन्सर नाही, असे म्हणता येत नाही. असे पित्ताशय आले की शहाणा पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बरणीकडे जातो, आणखी तुकडे घेतो, पुन्हा रात्रभर यंत्र, पुन्हा काप. जरूर पडली तर फेसाळ पेशी आणि कॅन्सरच्या पेशी वेगळ्या ओळखणारे खास प्रतिपिंडांचे रंग. तुमचे दहा दिवस बहुधा यातच गेले. रिपोर्टात किती तुकडे तपासले ते लिहिलेले असेल, पाहा.

कॅन्सर निघाला असता तर प्रश्न मिलिमीटरांवर आला असता. पित्ताशयाची भिंत आतड्याच्या भिंतीहून साधी; मधला एक थरच तिला नाही, त्यामुळे रोगाला आत उतरायला फारशी अडकाठी नसते. अस्तरापुरता असेल तर साधे पित्ताशय काढणे पुरते. स्नायूच्या थरात गेला असेल तर सहसा पुन्हा, मोठे ऑपरेशन. त्यापलीकडे गेला असेल तर तो लिव्हरच्या बाजूला आहे की पोटाच्या मोकळ्या बाजूला, हेही पाहतात. २०१८ पासून वापरात असलेल्या टप्प्यांच्या वर्गवारीत या दोन बाजू वेगळ्या मोजल्या जातात, कारण लिव्हरच्या बाजूचा जास्त वाईट वागतो. आणि दुसरे ऑपरेशन करायचे तर कधी? अमेरिकेतल्या १० संस्थांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात पहिल्यानंतर ४ ते ८ आठवड्यांत केलेल्यांचे निकाल सगळ्यात चांगले होते. रिपोर्ट वेळेवर आणायला का सांगतात, ते यावरून कळेल.

आता चिरंजीवांचा कॉम्प्युटर. त्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नाही.

माणसाचे डोळे एकमेकांशी किती जुळतात, ते आधी पाहू. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ११५ पॅथॉलॉजिस्टना स्तनाच्या बायोप्सींच्या स्लाइडी वाचायला दिल्या आणि तज्ज्ञांच्या एकमताशी ताडून पाहिल्या. एकूण जुळणी ७५ टक्के. पसरलेल्या कॅन्सरमध्ये ९६ टक्के, म्हणजे उत्तमच. पण ‘पेशी जरा बिघडलेल्या आहेत, कॅन्सर नव्हे’ या मधल्या गटात ४८. काळे आणि पांढरे सगळ्यांना दिसते, करड्यावर मतभेद होतात. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट म्हणजे यंत्रातून निघालेला आकडा नव्हे, एका शिकलेल्या माणसाचे मत आहे. आपल्याकडे रुग्ण शुगरचा आकडा आणि बायोप्सीचा रिपोर्ट एकाच फाइलीत लावतात, त्यामुळे दोन्ही एकाच जातीचे वाटतात, एवढेच.

तर मग यंत्राने वाचावे? त्याच वर्षी कॅलिफोर्निया आणि आयोवातल्या संशोधकांनी त्याआधीच्या पायरीवर जाऊन कबुतरांना शिकवले. स्तनाच्या ऊतीचे चित्र दाखवायचे, ‘कॅन्सर’ आणि ‘नाही’ अशा दोन रंगांच्या पट्ट्यांवर चोच मारू द्यायची, बरोबर आले तर दाणा. पंधरवड्यात कबुतरे ८५ टक्के बरोबर सांगू लागली. चौघांचा कौल एकत्र धरला तर ९९ टक्के. कबूतरबाजीच्या लखनौत ही बातमी हवी तेवढी गाजली नाही, याचे मला वाईट वाटते. पण तीच कबुतरे मॅमोग्राममधल्या गाठी ओळखताना अडली : पाहिलेली चित्रे पाठ केली, नवी आली की गडबड. नमुना ओळखणे आणि निदान करणे यांत किती अंतर आहे, ते या पाखरांनी फार स्वस्तात दाखवले.

कॉम्प्युटर कबुतराच्या पुष्कळ पुढे गेला आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी १२९ स्लाइडी ठेवून स्पर्धा लावली : लसिका गाठींत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी शोधायच्या. ११ पॅथॉलॉजिस्टना दैनंदिन कामाइतकाच मोजका वेळ दिला, तर सर्वोत्तम प्रोग्रॅम त्यांच्या पुढे गेला. एका पॅथॉलॉजिस्टला हवा तेवढा वेळ दिला, तर त्याने बरोबरी गाठली. त्याला लागले सुमारे ३० तास. माणूस चुकतो त्यात थकव्याचा वाटा किती, ते यातून दिसते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने प्रोस्टेटच्या बायोप्सीत संशयाची जागा दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला परवानगी दिली. निदान पॅथॉलॉजिस्टनेच करायचे, या अटीवर. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कॅन्सर रुग्णालयातल्या सुमारे १५ लाख स्लाइडींवर शिकवलेला प्रोग्रॅम आला. पेशींच्या पातळीवर रोग पाहायला शिकवणाऱ्या रुडॉल्फ फिरखोचे नाव त्याला दिले आहे, आणि दुर्मिळ कॅन्सरसुद्धा तो बऱ्यापैकी ओळखतो.

तरी चिरंजीवांना तीन गोष्टी विचारा. स्लाइड आधी स्कॅन करावी लागते. ते यंत्र जिल्ह्याच्या गावी आहे का? न्यूयॉर्कच्या स्लाइडींवर शिकलेल्या प्रोग्रॅमने गंगेकाठची किती बहुरूपी पित्ताशये पाहिली असतील? आणि मुख्य म्हणजे, बरणीतल्या कोणत्या जागेचा तुकडा घ्यायचा हे त्याला कोण सांगणार? स्लाइडीवर जे आले नाही ते वाचता येत नाही. चंडीगडच्या पीजीआयमधले डॉक्टर आणि आयआयटी दिल्लीचे संशोधक यांनी २०२२ मध्ये पित्ताशयाचा कॅन्सर सोनोग्राफीवरूनच ओळखायला कॉम्प्युटरला शिकवले. हे काम मला जास्त आशेचे वाटते, कारण ते चाकूच्या आधीचे आहे. पण तो वेगळा विषय. माझा अंदाज असा, की पुढच्या काही वर्षांत यंत्र आधी स्लाइडी चाळेल, खुणा करून ठेवेल आणि थकलेल्या डोळ्याला आधार होईल. सही माणसाचीच राहील.

खरा बदल दुसरीकडे झाला आहे, आणि त्याचा गाजावाजा कमी. पूर्वी रिपोर्ट रोगाचे नाव सांगून थांबे. आता तो औषधही सुचवतो. पित्ताशयाच्या काही कॅन्सरमध्ये पेशींच्या अंगावर ‘हर-टू’ नावाचे प्रथिन फार वाढलेले असते. तुमच्या ओळखीत कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर हे नाव कानावर आले असेल. त्याच मेणाच्या ब्लॉकमधून काप काढून, तपकिरी रंग देऊन, त्याला शून्य ते तीन असे गुण देतात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत पित्तमार्गाच्या अशा, तीन गुण मिळालेल्या कॅन्सरवर झॅनिडाटामॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते महाग आहे, सगळ्यांसाठी नाही. पण ही तपासणी नीट व्हायला तुकडा फॉर्मेलिनमध्ये वेळेवर जावा लागतो, आणि फार कमी किंवा फार जास्त वेळ राहून चालत नाही; स्तनाच्या कॅन्सरसाठी ६ ते ७२ तास असा नियम आहे. म्हणजे सर्वात नव्या औषधाचे नशीब ऑपरेशन थिएटरमध्ये बरणी भरणाऱ्या वॉर्डबॉयच्या हातात.

हा रोग तुमच्याच भागात का, हेही अनेक जण विचारतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या शरयू म्हात्रे, राजेश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये भारतीय रुग्णांच्या जनुकांचा मोठा अभ्यास छापला. त्यात पित्तात चरबीचे घटक सोडणाऱ्या जनुकांजवळचे फरक सापडले. सगळे उत्तर त्यात नाही. खडे, संसर्ग, पाणी, खाणे यांचे हिशेब चालूच आहेत. पण कोणत्या समाजात कोणता कॅन्सर आणि का, हा प्रश्न टाटात पहिल्यापासूनचा. १९४१ मध्ये परळला ते रुग्णालय उघडले तेव्हा प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती, आणि आपल्या लोकांच्या सवयी आणि कॅन्सर यांची सांगड घालायला सुरुवात केली ती त्यांनी.

टाटाचा विषय निघालाच आहे तर एक कामाची गोष्ट. तिथे गेलेल्या प्रत्येक मराठी घराला ‘स्लाइडी आणि ब्लॉक घेऊन या’ हे वाक्य ठाऊक असते. दुसरे मत म्हणजे रिपोर्टाची झेरॉक्स दाखवणे नव्हे, तोच मेणाचा ठोकळा दुसऱ्या डोळ्यांनी पाहणे. सासूबाईंच्या रिपोर्टावर एक क्रमांक असेल. ब्लॉक त्याच क्रमांकाने ठेवलेला असतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. मनात किंतु असेल तर अर्ज करून तो मागता येतो. मला स्वतःला, तुम्ही लिहिले आहे तेवढ्यावरून, तशी गरज दिसत नाही. लिव्हरची कड आणि नळीचे टोक यांबद्दल रिपोर्टात काय म्हटले आहे, ते तेवढे सर्जनकडून समजून घ्या.

राहिली नणंद. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयांत अनपेक्षितपणे कॅन्सर सापडण्याचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत ०.२ ते ३ टक्क्यांच्या दरम्यान येते. प्रत्येक पित्ताशय तपासावेच का, यावर खरा वाद आहे. नेदरलँड्समध्ये २०२३ ला आलेल्या मोठ्या अभ्यासाचा कल असा, की सर्जनने काढलेले पित्ताशय तिथल्या तिथे उघडून, नीट पाहून, हाताने चाचपून, संशय आला तरच पाठवले तरी चालते. तिथे हा रोग दुर्मिळ, आणि ‘नीट पाहून, चाचपून’ ही अट पाळली जाते. लखनौ, पाटणा, वाराणसीला हा नियम नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे प्रत्येक पित्ताशय प्रयोगशाळेत गेलेच पाहिजे. साताऱ्यात धोका कमी, तरी पाठवणेच बरे. तपासणीचा खर्च ऑपरेशनच्या बिलात नजरेतही भरत नाही. नातेवाइकांना बाटली दाखवणे ही तपासणी नव्हे, ते खडे खरेच होते याची पावती आहे.

टाकलेले परत आणता येत नाही, आणि तीन वर्षे त्या धडधाकट असतील तर आता तपासण्यांच्या मागे लागायचेही कारण नाही. काही डोके वर काढायचे असते तर बहुधा इतक्यात काढले असते. कावीळ, वजन घटणे, दुर्बिणीच्या छिद्रांच्या व्रणाशी गाठ, असे काही दिसले तर मात्र डॉक्टरांना आधीचे पित्ताशय न तपासल्याचे आवर्जून सांगायचे. त्याआधी त्यांचे डिस्चार्ज कार्ड एकदा काढून वाचा. पुष्कळदा दाखवून झाल्यावर तुकडा पाठवलेला असतो, आणि न्यायला कोणी आले नाही म्हणून रिपोर्ट रुग्णालयाच्या फाइलीत पडून राहतो. तसे असेल तर मागून घ्या.